क्लाइव्ह शेडला रंग देतोय

इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या हॉर्नसीत कुणी कुणाला 'कसं काय' विचारलं, की समोरचा 'तसं वाईट नाही' म्हणतो आणि आभाळाकडे बघतो. मग दोघं मिळून आभाळाबद्दल बोलतात. पाय मोडलेला माणूसही हेच म्हणतो आणि कालच ज्याच्या लेकीचं लग्न ठरलं तोही. डोरीन थ्वेटची एकोणसत्तर वर्षं याच गावात गेली. त्यातली तीस शाळेच्या स्वयंपाकघरात, पोरांच्या ताटात उकडलेले बटाटे वाढण्यात. एवढ्या आयुष्यात तिने या प्रश्नाला खरं उत्तर दिल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, हाच तिकडचा धर्म. चर्चला लोक फक्त नाताळात जातात, हा धर्म मात्र रोज पाळतात.

असल्या बाईची गाठ नोलीनशी पडावी, ही देवाचीच थट्टा. नोलीन ऑस्ट्रेलियातली, डबोची. नऊ वर्षांपूर्वी तिने हॉर्नसीच्या चर्चला पत्र लिहिलं होतं: माझे पणजोबा थ्वेट तुमच्या गावचे, त्यांचं थडगं सापडतं का बघा. पाद्रीबाबांनी पत्र डोरीनच्या हाती दिलं, कारण चर्चमधली फुलं ती सजवायची आणि तिचं आडनावही थ्वेट होतं. डोरीनने जुना टूथब्रश घेऊन दोन तास दगडांवरचं शेवाळ घासलं. थडगं निघालं तिसऱ्याच कुणाचं. नातंही काही निघालं नाही. पण हे सगळं कळवता कळवता दोघींच्या गप्पा सुरू झाल्या आणि त्या काही थांबल्या नाहीत.

दर मंगळवारी सकाळी आठ वाजता डोरीन चहा आणि टोस्ट घेऊन टॅबलेटपुढे बसायची. तेव्हा नोलीनकडे संध्याकाळ असायची. ती एका हातात थंडगार बिअर आणि दुसऱ्या हातात माशा मारायची फळी घेऊन बसलेली दिसायची. विषय काय, तर काही नाही. काकाकुव्यांनी नोलीनचे कपड्यांचे चिमटे कुरतडले. समुद्रपक्ष्याने डोरीनच्या हातातला पाव पळवला. तिकडे जानेवारीत एक्केचाळीस अंश, इकडे मे महिन्यातही स्वेटर. हे सगळं ठीक होतं, पण नोलीनला प्रश्न विचारायची खोड. दुसऱ्याच भेटीत तिने विचारलं होतं, "तुला मुलं नाहीत, ती नको होती म्हणून की झाली नाहीत म्हणून?"

डोरीनने कप बशीत ठेवला. शेजारची मार्जरी एकतीस वर्षं भिंतीला भिंत लावून राहत होती, तिने हे कधी विचारलं नव्हतं. डोरीन म्हणाली, आज वारा फार आहे. नोलीन म्हणाली, वाऱ्याचं नंतर सांग. तेव्हा डोरीनने खरं उत्तर दिलं, हळू आवाजात, घरात दुसरं कुणी नसताना इकडेतिकडे बघत. त्यानंतर तिला एक गंमत कळली. मंगळवार जवळ आला की, या वेळी ही बया काय विचारणार, अशी उत्सुकता तिला लागून राहायची.

डोरीनचा नवरा क्लाइव्ह बसचालक होता, आता निवृत्त. तो गप्पांत दोनच मिनिटं डोकवायचा, तेही नोलीनच्या नवऱ्याला, डेसला, क्रिकेटवरून डिवचायला.

"काय डेस, कैद्यांच्या वंशजा, तुमच्या गोलंदाजांची शिक्षा भोगून झाली का? जामिनावर तरी सोडतात का खेळायला?"

"तू तुमच्या फलंदाजांना सांग, छत्री मिटून खेळा म्हणावं," डेस मागून ओरडायचा. एवढं झालं की क्लाइव्ह खूश होऊन बागेत निघून जायचा.

जुलैत एका गुरुवारी सकाळी क्लाइव्ह वारला. हृदय बंद पडलं.

पुढचा मंगळवार पाचव्या दिवशी आला. आठ वाजले तशी डोरीन सवयीने टॅबलेटपुढे जाऊन बसली. सांगायचं ठरवूनच बसली होती. पण पडदा उजळला तो नोलीनच्या डोक्यावरच्या कागदी टोपीसकट. पुढ्यात केक, मागे नातवंडांचा गोंधळ. नोलीनचा सत्तरावा वाढदिवस होता आणि डोरीनच्या तो ध्यानातच राहिला नव्हता. नोलीन म्हणाली, "आणि तो तुझा क्लाइव्ह कसा आहे?"

"तसं वाईट नाही," डोरीन म्हणाली.

तोंडाने सवयीने म्हटलं. शब्द सुटल्यावर आपण काय बोललो ते तिला कळलं. पण समोर मेणबत्त्या पेटलेल्या, पोरं गायला लागलेली. अशा वेळी मध्येच कसं म्हणायचं, की थांबा, माझा नवरा मेलाय? दुसऱ्याच्या वाढदिवसाचा विचका करणं तिच्या रक्तात नव्हतं. पुढच्या मंगळवारी सांगू, असं तिने ठरवलं. पुढच्या मंगळवारी आणखी अवघड झालं, कारण आता मृत्यूबरोबर गेल्या आठवड्याचं उत्तरही सांगायला हवं होतं. भीड भिकेची बहीण म्हणतात ते खोटं नाही. या एका भिडेपायी डोरीनबाईंनी मेलेल्या माणसाला कामाला लावलं.

"क्लाइव्ह दिसत नाही तो?" नोलीनने विचारलं.

"शेडला रंग देतोय."

डोरीनचा बाप कडक मेथडिस्ट पंथाचा. लहानपणी खोटं बोललं की जिभेला साबण लागायचा. टॅबलेट बंद केल्यावर तिला चैन पडेना. निदान रंग तरी खरा असावा म्हणून ती बागेतल्या त्या लाकडी शेडमध्ये गेली, क्लाइव्हने आणून ठेवलेला हिरव्या रंगाचा डबा स्क्रूड्रायव्हरने उचकटला आणि तीन दिवस खपून शेड रंगवली. त्याने ब्रश खिळ्याला उलटे टांगून ठेवले होते, त्यावर साल लिहिलेल्या चिठ्ठ्या. बेचाळीस वर्षांच्या संसारात ती त्या शेडमध्ये दहा वेळासुद्धा गेली नसेल.

मग हेच सुरू झालं. ऑगस्टअखेर क्लाइव्हने कुंपणाची झाडं छाटली. म्हणजे डोरीनने छाटली आणि आठवडाभर तिचे खांदे भरून आले. सप्टेंबरात त्याने बागेच्या फाटकाच्या बिजागऱ्यांना तेल घातलं. ऑक्टोबरात नोलीनने विचारलं तेव्हा तिच्या तोंडून 'छपराची पन्हळ साफ करतोय' असं निघून गेलं, आणि एकोणसत्तर वर्षांची ती बाई दुपारी शिडीवर चढली. मार्जरी पडद्याआडून बघत होती. शेवटी न राहवून ती बाहेर आली, खालून म्हणाली, "कामाला दिवस छान निवडलास," आणि आत गेली.

मार्जरी वाईट बाई नव्हती. क्लाइव्ह गेला त्या आठवड्यात तिने दारात पाय ठेवून, म्हणजे खाण्याचा इंग्रजी पाय हं, कणकेत मांस भरून भाजलेला, घंटा वाजवली होती आणि डोरीनने दार उघडायच्या आत ती पळून गेली होती, त्रास नको म्हणून. खाटीक 'धीर धर' म्हणाला आणि मटण तोलू लागला. चर्चमधल्या बायका म्हणाल्या, काही लागलं तर सांग. काय लागतं ते कुणी विचारलं नाही. सगळ्यांना तिच्याबद्दल वाईट वाटत होतं आणि सगळे हवेबद्दल बोलत होते. डोरीनची त्यावर तक्रार नव्हती, तीही आयुष्यभर तेच करत आली होती. पण अलीकडे ती बाजारातून येताना लोकांची तोंडं न्याहाळायची. हा विचारेल का, ही विचारेल का, असं मनाशी म्हणायची आणि कुणी विचारलं नाही की घरी येऊन किटली ठेवायची. विचारणारी एकच होती. आणि नेमकं तिच्यापाशीच ती खोटं बोलून बसली होती. खरं कळलं तर नोलीन तोंड बघणार नाही, या भीतीने तिची झोप उडाली होती.

नोव्हेंबरात इंग्लंडचा संघ ऑस्ट्रेलियात उतरला आणि डेसला जोर चढला. मालिका सुरू व्हायच्या आधीच्या मंगळवारी पडद्यावर नोलीनऐवजी तोच बसला होता, डोक्यावर पिवळी-हिरवी टोपी घालून.

"बोलाव त्या पळपुट्याला," तो म्हणाला. "चार महिने तोंड लपवून बसलाय. हरायच्या भीतीने आजारी पडला का?"

डोरीन म्हणाली, तो जरा बाहेर गेलाय.

"येऊ दे की. आम्ही बसतो. जेवण झालंय, आमचं काही कुठे अडलेलं नाही." आणि डेसने खरोखरच खुर्चीत मांडी घातली.

डोरीनने टोस्ट खाली ठेवला. उभी राहिली, पुन्हा बसली.

"डेस, क्लाइव्ह वारला," ती म्हणाली. "जुलैत."

डेसने हळूच टोपी काढली. मागून नोलीन पुढे आली. तिने पहिला प्रश्न विचारला तो असा:

"मग शेडला रंग कुणी दिला?"

"मी."

"आणि ती पन्हळ?"

"तीही मीच."

"तू शिडीवर चढलीस. एकटी," नोलीन म्हणाली. तिचा चेहरा लाल होत गेला. "मी चार महिने मेलेल्या माणसाला नमस्कार सांगतेय. तू ऐकून घेतेस, पोचवते म्हणतेस. त्या दिवशी मी केक खात होते, आणि तू समोर बसून माझ्याकडे बघून हसलीस. मला काय समजतेस गं तू? हवापाण्यापुरती?"

 नोलीन म्हणाली, आता मला तुझ्याशी बोलवत नाही, आणि पडदा काळा झाला.

तो आठवडा डोरीनला क्लाइव्हच्या मरणाच्या आठवड्यापेक्षा लांब वाटला, आणि असं वाटतं याची लाजही वाटली. तिने तीनदा पत्र लिहायला घेतलं. 'तुला झालेल्या गैरसोयीबद्दल क्षमस्व' असं लिहिलं गेलं तेव्हा तिला स्वतःचाच राग आला आणि तिने कागद फाडला. गैरसोय बसफेरी चुकली की होते, हे बसचालकाच्या बायकोला कळत होतं. दुसरा शब्द मात्र सुचत नव्हता. शिकवलाच नव्हता कुणी.

मंगळवारी ती पावणेआठलाच बसली. आठ वाजले. आठ वाजून दहा मिनिटं झाली. चहावर साय आली. आठ वीसला टॅबलेट वाजला.

नोलीनने निळा पोशाख घातला होता, गळ्यात मोती. शेजारी डेस टाय बांधून घामाघूम. तिकडे उन्हाळा लागलेला, अडतीस अंश. मध्ये टेबलावर हॅमची सँडविचं कापून रचलेली होती आणि बिअरच्या जागी किटली होती.

"तुमच्याकडे दफनानंतर हेच खातात ना? मी चौकशी केली," नोलीन म्हणाली. "हॅमला उशीर झाला म्हणून थांबावं लागलं. मी अजून रागावलेली आहे, ते तसंच राहू दे. पण आम्हाला क्लाइव्हच्या दफनाला यायचं होतं. तू बोलावलं नाहीस. आता ते आमच्यासमोर कर. पहिल्यापासून सांग."

"काय सांगू?" डोरीनने विचारलं.

"मी विचारते, तू सांग."

आणि तिने विचारलं. कोणत्या खोलीत होता? काय घातलं होतं त्याने? चेहऱ्याचा रंग कसा पडला होता? तू किंचाळलीस का? रुग्णवाहिका यायला किती वेळ लागला, आणि तोवर तू त्याचा हात धरलास की नुसती उभी राहिलीस? पलंगाच्या कोणत्या बाजूला झोपायचा? त्या बाजूला आता तू काय ठेवतेस? डोरीन एकेक उत्तर देत गेली. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर. पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा. राखाडी. नाही किंचाळले. चौदा मिनिटं. हात धरला होता. खिडकीकडच्या बाजूला. गरम पाण्याची पिशवी ठेवते. डेस मान खाली घालून ऐकत होता, सँडविच हातात तसंच.

"तो काही बोलला का शेवटी?" नोलीनने विचारलं.

बाहेर मार्जरीचं दार वाजलं, कुणीतरी कुणाला हवा छान आहे म्हणालं. डोरीनने कप दोन्ही हातांत धरला.

"त्याने विचारलं, कचऱ्याचे डबे बाहेर ठेवलेस का. गुरुवार होता. गुरुवारी गाडी येते."

"मग? ठेवले होतेस?"

"नाही," डोरीन म्हणाली. "मी विसरले होते. पण त्याला म्हटलं, ठेवलेत."

हे ती आजवर कुणालाच बोलली नव्हती. बोलली आणि रडायला लागली, मोठ्याने, तोंड न झाकता. नोलीनने तिला उगी उगी म्हटलं नाही, की नजरही वळवली नाही. तिने खुर्ची पडद्याजवळ ओढली, डोळे पुसले आणि विचारलं, "मग त्याच्या चेहऱ्यावर काय दिसलं?"

डोरीनने बाहीने नाक पुसलं.

"बरं वाटलं त्याला," ती म्हणाली.