एकही भोक न पाडता

“तू बोल, मी ऐकतेय. पण हो म्हटलं असं समजू नकोस.”

आमच्या मालाडच्या सोसायटीत चौथ्या, म्हणजे शेवटच्या मजल्यावरच्या काकूंशी कुठलंही बोलणं असं सुरू व्हायचं. गणपतीची वर्गणी मागा, लग्नाचं आमंत्रण द्या, नुसतं “बरं आहे ना?” विचारा, वाक्य तेच. तुमच्याही सोसायटीत अशा एक काकू असतील. दिसल्या नसतील तर एकदा सेक्रेटरी होऊन बघा.

मी सेक्रेटरी झालो तो सोलरच्या नादाने. मोबाइलवर दोन व्हिडिओ बघून विजेतलं सगळं मला कळलं होतं. गच्चीवर पॅनल बसवायची आणि त्या विजेवर लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे चालवायचे. जनरल बॉडीत मी एवढी लांबण लावली की निम्म्या लोकांनी सुटका व्हावी म्हणून हात वर केले. काकूंचा हात मांडीवरच.

कारण सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांच्या डोक्यावर थेट गच्ची. कित्येक पावसाळे त्यांनी पलंगाजवळ बादली ठेवून काढले होते. काका साकीनाक्याच्या वर्कशॉपमधून थकून यायचे आणि उशाशी छत्री उघडून झोपायचे, हे त्या हसत सांगायच्या. काका गेले आणि त्यानंतर सोसायटीने वॉटरप्रूफिंग केलं. छत कोरडं झालं, ते बघायला काका नव्हते. आणि आता त्याच गच्चीवर मी ड्रिल चालवायला निघालो होतो.

“काकू, लिफ्ट उन्हावर चालेल.”

“चालू दे. आणि पाणी माझ्या गादीवर.”

“भोकं बुजवतात ओ, केमिकल घालून.”

“माका सांगू नको. आधीचंही बुजवलेलंच गळत होतं.” चिडल्या की काकू थेट मालवणात पोचायच्या.

शेवटी काँट्रॅक्टरने तोडगा काढला. गच्चीवर सिमेंटचे जड ठोकळे ठेवायचे, त्यांवर लोखंडी सांगाडा, त्यावर पॅनल. भोक नाही. काकूंनी सगळं ऐकून घेतलं. “एक खिळा जरी ठोकलास ना, तर बिछाना घेऊन तुझ्या हॉलमध्ये राहायला येईन.” हे माझ्या बायकोच्या कानावर गेलं आणि तिने मला वेगळा दम दिला.

काम सुरू झालं त्या सकाळी काकू गच्चीवर खुर्ची टाकून हजर. कामगारांना कोकम सरबत, माझ्यावर नजर. ठोकळा जरा जोरात ठेवला की, “हळू रे बाबा, खाली माझं घर आहे.”

पॅनल लागली, पूजा झाली, आणि मला मानाचा नारळ फोडायला दिला. दगड आणायला मी विसरलो होतो. जमिनीवर आपटावा तर काकू बघतायत. कठड्यावर फोडावा तर तिथे मंडळी टेकलेली. दिलेला शब्द पाळायचा म्हणून मी तो सांगाड्याच्या लोखंडावर हाणला. म्हणजे, हाणायला गेलो. बसला पॅनलच्या काचेवर. काचभर तड्यांचं जाळं पसरलं. नारळ मात्र शाबूत.

“झकास,” मागून कोणीतरी म्हणालं. “वाट लागली.”

“याला सेक्रेटरी कोणी केला?” चेअरमननी विचारलं. त्यांनीच केला होता.

काकू खुर्चीतून उठल्या. “त्याला कोणी बोलायचं नाही,” त्या म्हणाल्या. “माझ्या स्लॅबला धक्का नको म्हणून पोराने स्वतःची अब्रू घालवली. दाखवा असा सेक्रेटरी दुसऱ्या बिल्डिंगमध्ये.” मग नारळ घरी नेऊन त्यांनी कोयत्याने फोडला आणि खोबऱ्याचा पहिला तुकडा माझ्या हातावर ठेवला. “घे. आता हो म्हटलं असं समज.”

फुटलेलं पॅनल बदललं. पावसाळा गेला, छताला डाग नाही. लिफ्टमध्ये कोणी पाहुणा भेटला की काकू सुरू व्हायच्या, “ही उन्हावर चालते हो. आणि माझ्या डोक्यावर एक भोक नाही.” दिवाळीआधी त्यांनी छताला पांढराशुभ्र रंग दिला. इतकी वर्षं दिला नव्हता. पोपडे धरतील म्हणून.

मागच्या थंडीत काकू गेल्या. लेक नाशिकला असते, घराची किल्ली माझ्याकडे आहे.

परवा शेजारच्या सोसायटीची कमिटी आमचं सोलर बघायला आली. त्यांच्या वरच्या मजल्यावरच्या आजोबांनी काम अडवून धरलंय. आठ्या घालून तेही आले होते. मी कोणाला गच्चीवर नेलंच नाही. काकूंचं दार उघडलं. सामान नसलेल्या खोलीत सगळी कमिटी माना वर करून उभी राहिली. आजोबा एकेका कोपऱ्याखाली जाऊन थांबले, चष्मा पुसला, पुन्हा फिरले.

“कोणाचं घर हे?”

“आमच्या काकूंचं,” मी म्हणालो, आणि त्यांना उजेडात नीट बघता यावं म्हणून सगळ्या खिडक्या उघडल्या.