रक्ताला कळलेलं

कारखान्यात रक्ततपासणी होती. आम्ही सगळे उपाशीपोटी, दुमडलेल्या कोपरात कापूस दाबून बाकावर ओळीनं बसलो होतो. शेजारी दत्ताराम होता. मशीनवरचा माझा जुना सोबती, कधी साधा सर्दीतापही न झालेला.

पुढच्या आठवड्यात कारखान्याच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला बोलावलं. मीही सोबत गेलो.

"आजार अजून नाही," बाई म्हणाल्या, "पण रक्तातली साखर आणि चरबी वाढायला लागलीय, पोटही सुटलंय. असंच चाललं तर पुढे मधुमेह होईल, हृदयालाही धोका आहे. वेळेवर जेवा, रात्री झोपा."

"रात्रपाळी असते, बाई."

"मग पाळी बदलून मागा."

"मागितली. बदली माणूस नाही म्हणतात."

बाईंनी पुढचा कागद ओढला.

मला वाटलं, कुणी विचारलं की आपण 'बरंय' म्हणतो आणि पुढे चालू लागतो. रक्ताला मात्र तसं म्हणता येत नाही. आपली अर्धवट झोप, उभ्याउभ्या गिळलेला डबा, सगळं त्यात उतरत जातं. ते आधीच सावध करतं, हे खरं. पण सावध होऊन माणसानं जायचं कुठे?

बाहेर आल्यावर दत्ताराम म्हणाला, "कळलं नसतं तर बरं झालं असतं रे. आता रोज कळून कामावर यायचं."

तेवढ्यात भोंगा झाला. आम्ही दोघंही आत गेलो.