तीन राखाडी चौकटी

"अगं अक्का, तीनच तर चौकटी हायत! नाव घाल, तारीख घाल, सही ठोक. लगीन लावाय लागलोय व्हय तुजं?"

"लगीन एकदा लावून बगितलंय मालक. ते सोपं हुतं. ह्ये अवघड हाय."

"काय अवघड हाय, सांग तरी."

"चौकटीतलं ऱ्हाऊ दे. चौकटीच्या भाइरचं वाचा. मोठ्यांदा वाचा."

बापूसोंनी कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला, कागद हातभर लांब धरला आणि देवळात पोथी लावल्यासारखं वाचलं, "'माझे अपत्य सदर परीक्षेस बसलेले नाही. तसेच माझ्या घरी राहून कोणीही विद्यार्थी शिकत नाही.' मग? सा वर्सं ह्येच देतियास की लिवून."

"सा वर्सं खरं हुतं. जूनपासनं खोटं हाय."

"तुज्या खोलीत कोण बगाय येतंय?"

"मी असतो की तितं," अक्का म्हणाली.

सोमवार होता, सप्टेंबर महिना, साल दोन हजार दोन. अकरा वाजता परीक्षा मंडळाचे सचिव सही केलेलं हमीपत्र न्यायला येणार होते, आणि साडेदहा होऊन गेले होते.

लक्ष्मीपुरीतल्या एका बोळात बापूसो चौगुल्यांचा छापखाना. खाली लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, दूध संस्थांच्या सभेच्या नोटिसा. वर एकच खोली, मागं जाळीची खिडकी, जिन्याच्या तोंडाला लोखंडी दार. जिल्ह्यातल्या दोनशे चाळीस शाळांचं एक सामायिक परीक्षा मंडळ होतं. सगळ्या शाळांत एका दिवशी एकच पेपर. ते पेपर या वरच्या खोलीत टाईप व्हायचे. वर्षातनं दोनदा, सहामाहीला आणि वार्षिकला, बारा-बारा दिवस. टाईप करणारं माणूस आत गेलं की दाराला मंडळाचं कुलूप. जेवण बापूसोंच्या घरनं, दाराच्या फटीतनं. निरोप नाही, चिठ्ठी नाही. आत जाणारं माणूस ठरलेलं, मल्लव्वा हत्तरगी. सगळ्यांची अक्का.

अक्का गडहिंग्लजच्या खालच्या अंगाची, हिरण्यकेशीकाठची. घरात कन्नड, शाळेत मराठी आणि भांडणात दोन्ही. बेळगावात दिली होती. सात वर्षं झाली, मूल झालं नाही. नवऱ्यानं दुसरी आणली आणि हिला सांगितलं, तू बी ऱ्हा, स्वयंपाकाला दोघी हुतायसा. हिनं एक पिशवी भरली आणि पहाटे पाच चाळीसच्या एसटीनं कोल्हापूर गाठलं. माहेरी गेली नाही. गेली असती तर तिथंही स्वयंपाकच होता.

बापूसोंकडं ती खिळे जुळवायला लागली. शिशाचं एकेक अक्षर उचलायचं, ओळीत बसवायचं, पान झालं की लोखंडी चौकटीत घालून फर्मा आवळायचा. एकदा फर्मा आवळला की बोटानं ढकलून अक्षर हलत नव्हतं. तेरा वर्षं तिनं फर्मे आवळले. मग पंच्याण्णव साली कॉम्प्युटर आला, खिळे भंगारात गेले आणि अक्षरं हलायला लागली.

ती किती हलतात ते सत्त्याण्णवच्या वार्षिकला कळलं. तेव्हा रीत अशी होती, की गेल्या वर्षीची फाईल उघडायची आणि तिच्यावरच नवा पेपर टाईप करायचा. आत कोंडून घ्यायच्या आदल्या दिवशी बापूसो तिच्या मागं उभं राहून मंडळाचं नाव नीट आलंय का बघत होते. वाकले, पोट खुर्चीला टेकलं, कोपर कीबोर्डवर पडलं. 'एकूण गुण : ८०' मधलं शून्य गेलं. कुणी बघितलं नाही. सातवीचा इतिहासाचा पेपर दोनशे चाळीस शाळांत गेला, वेळ तीन तास आणि गुण आठ.

राधानगरीकडच्या एका गुरुजींनी फोन केला होता. "बापूसो, लई उपकार झालं. आमच्याकडं पंधरा वर्सांत पयल्यांदा सगळी पोरं पास. आठातलं आठ म्हसराला बी पडत्यात."

मंडळाच्या बैठकीत अक्कानं चूक स्वतःवर घेतली. कोपर कुणाचं ते तिनं सांगितलं नाही, बापूसोंनीही नाही. पण तेव्हापासनं बापूसोंचा तिच्यावरचा आवाज एक पट्टी खाली आला.

कॉम्प्युटर दुरुस्तीला येणाऱ्या माणसाला तिनं धरलं. "फर्मा आवळायचं काय तरी असंल की ह्यात?" होतं. त्यानं एका दुपारीत दाखवलं. कागदाचे दोन भाग करायचे. वरचा भाग, म्हणजे मंडळाचं नाव, वेळ, गुण, सूचना, सगळा कुलूपबंद. त्यात इयत्तेला, विषयाला आणि तारखेला तेवढी राखाडी चौकट ठेवायची. टॅबचं बटण दाबलं की माणूस एका चौकटीतनं थेट दुसऱ्या चौकटीत. मधल्या मजकुराला धक्का लागत नाही, कोपर लागो नाहीतर कपाळ. खालचा भाग प्रश्नांसाठी मोकळा. आणि हा सगळा साचा म्हणून वेगळा ठेवायचा. उघडला की त्याची नवी प्रत हातात येते, मूळ साचा जिथल्या तिथं. गुऱ्हाळावर गुळाचा पाक बादलीत ओतला की रवा, म्हणजे गुळाची ढेप, बादलीसारखाच निघतो, तसं. वर पासवर्ड.

"पासवर्ड काय घातलास?" बापूसोंनी विचारलं होतं.

"सांगितला तर पासवर्ड कसला?"

पेपराचे साचे झाल्यावर तिनं हमीपत्राचाही साचा केला. कुणी सांगितलं नव्हतं. एकदा नाव टाईप करताना खालची ओळ अर्धी खाल्ली गेली होती, तेवढ्यावरनं. सगळं वाक्य कुलपात आणि मोकळ्या चौकटी तीन. दरवर्षी टॅब मारत ती दोन भरायची, तिसरीत छापल्यावर सही. अर्धं मिनिटही लागत नसे.

मंडळाचे सचिव म्हणायचे, "मल्लव्वाबाईंसारखं माणूस मिळायचं नाही." ते कौतुक होतं. त्याचा खरा अर्थ असा, की छापखान्यात बापूसोंच्या हाताखालच्या सहा जणांत पाच जणांची पोरं शाळेत होती आणि सहावी ही. जिचं कोण नाही तिलाच हे काम. बाई हुशार होती, चोख होती, पण वरच्या खोलीत ती बसत होती ते घर रिकामं म्हणून. तिला हे कळत होतं. ती म्हणायची, "मला काय, हितं कोंडा न्हायतर उचगावात. तितं कुलूप आतनं आसतंय, एवढाच फरक."

उचगावात तिची एक खोली होती. एक ताट, एक वाटी, एक रेडिओ. बारा दिवस वर बसून खाली उतरली, की स्वतःचा आवाज घोगरा लागायचा. रिक्षावाल्याला "उचगाव" सांगतानाही घसा खाकरावा लागायचा.

मग जूनमध्ये भाऊ आला. सोमेश. बरोबर पोरगी, सुष्मिता, चौदा वर्षांची, डोक्याला घट्ट दोन वेण्या, हातात पत्र्याची ट्रंक.

"अक्का, गावातली शाळा आठवीपतुर. नववीला हिला कुटं धाडू? रोज एसटीला लोंबकळत जायाची, मला त्ये पटत न्हाय."

"सोड की हितं."

"तुला तरास..."

"जेवान दोघींचं करायला पातेलं मोठं लागतंय, एवढाच तरास. ट्रंक खाली ठेव गं."

सप्टेंबरात काय होणार याचा विचार तिनं केला नव्हता असं नाही. केला आणि कोनाड्यात ठेवून दिला.

पोरगी काही फार बोलकी नव्हती. पहिला महिनाभर भिंतीकडं तोंड करून झोपायची. गावाकडची आठवण आली की ताटातली भाकरी कुस्करत बसायची. पण तिची शाळा त्याच दोनशे चाळिसांतली, तिच्या वह्या चुलीपर्यंत पसरलेल्या, तिची ओली रिबन अक्काच्या दोरीवर. संध्याकाळी अक्का बोळातनं आली की खोलीच्या खिडकीत उजेड असायचा. वीस वर्षांत पहिल्यांदा तिला स्वतःच्या दाराची कडी बाहेरनं वाजवावी लागत होती.

सोमवारच्या आदल्या दिवशी, रविवारी, अक्का कोल्हापुरातल्या एका मुलींच्या वसतिगृहात जाऊन आली. बाजारला जातो म्हणून सांगून गेली होती. जागा होती. वसतिगृहाच्या बाईंनी फॉर्म दिला, म्हणाल्या, उद्याच आणा. पोरगी तिथं राहिली तर हमीपत्रातलं वाक्य पुन्हा खरं होणार होतं. फॉर्म पिशवीत घालून ती घरी आली. सुष्मितानं लसणाची चटणी वाटून ठेवली होती आणि दोन भाकऱ्या थापल्या होत्या. एक बरी होती, एक जळकी. जळकी स्वतःच्या ताटात घेऊन पोरगी म्हणाली, "आत्ती, बाजार कुटं हाय?"

पिशवीत बाजार नव्हता. अक्का म्हणाली, "सांडला," आणि जेवायला बसली.

तर सोमवारी पावणेअकराला बापूसो म्हणत होते, "बरं, मग वाक्यच काढून टाक. पासवर्ड तुज्याकडंच हाय. कुलूप तुजं, किल्ली तुजी."

"कोपर लागून गेलं तर चूक. मी काढलं तर काय म्हणायचं?"

"मग पोरीला हॉस्टेलात टाक. मुलखाची पोरं राहत्यात कोल्हापुरात. कोण मरत न्हाय."

"मालक, तुमची नात जेवाय बसल्याबिगर तुमी जेवत न्हाईसा. मला शिकवू नका."

"मग मंडळाला काय सांगू? तुज्याबिगर त्यांचं चालत न्हाय!"

"चालंल," अक्का म्हणाली. "मला खाली टेबल द्या."

बापूसोंनी हमीपत्राचा कागद टेबलावर आपटला. शिव्या दिल्या, त्या तिला नव्हेत, मंडळाला. मग बोळाच्या टोकाच्या झेरॉक्सच्या दुकानातनं आकारामला बोलावून आणलं. आकाराम मलकापूरचा, चोवीस वर्षांचा, बायको अजून माहेरी. घरी शिकणारं कुणी नाही. त्यानं वाक्य वाचलंही नाही. टॅब, नाव. टॅब, तारीख. छापून सही. अकराच्या ठोक्याला कागद तयार होता.

पुढचे बारा दिवस अक्का खाली लग्नपत्रिका टाईप करत होती. तिसऱ्या दिवशी वरनं आकारामची आरोळी आली, "मालक, निदान रेडिओ तरी द्या वो! माशी बी येत न्हाय हितं!" खालचे सगळे हसले. अक्का हसली नाही. कुठल्या वेळेला त्या खोलीत उन्हाची पट्टी कुठल्या फरशीवर येते, ते तिला पाठ होतं. माश्या दुपारी येतात, जाळीच्या डाव्या कोपऱ्यातनं. तिनं सांगितलं असतं, पण कुणी विचारलं नाही.

तेराव्या दिवशी बापूसो खूश होऊन तिच्या टेबलाशी आले. "अक्का, तुजा साचा लई भक्कम. त्या आकारामला धड काय येत न्हाय, तरी मंडळाला एक चूक घावली न्हाय. करायला जागाच ठेवली न्हाईस त्याला!"

"मग बरंच झालं की," अक्का म्हणाली.

पाच वर्षं ती जे आवळत बसली होती, ते इतकं घट्ट बसलं होतं की आता कुणीही बोट लावलं तरी चालणार होतं. तिचंच लागावं असं काही राहिलं नव्हतं. त्या दिवशी डब्यातली भाकरी तिनं अर्धी परत नेली.

परीक्षा झाली. सुष्मिता विज्ञानाचा पेपर घेऊन घरी आली. अक्कानं तो हातात घेतला, प्रश्न सोडून वरचा भाग बघितला. वेळ, गुण, सूचना. सगळं जागच्या जागी.

"काय बगतीस आत्ती? लई अवघड हुता."

"काय न्हाय."

"कोण छापतंय गं ह्ये?"

"आसंल कोण तरी." कुठं छापतात ते कुणाला सांगायचं नाही, अशीही एक ओळ त्या हमीपत्रात होती. आणि खाली का बसतीस, हे पोरीनं कधी विचारलं नाही. तिला ठाऊकच नव्हतं, की आत्ती कधी वर बसत होती.

पोरीनं पेपराची घडी घातली, घडीवर घडी घातली आणि डुगडुगणाऱ्या कॉटच्या पायाखाली सारली. कॉट हलायची थांबली.

दिवाळीच्या सुट्टीला सुष्मिता गावाला गेली. वीस दिवस. खोलीत पुन्हा एक ताट. अक्कानं रेडिओ लावून बघितला, बॅटऱ्या संपल्या होत्या. चार महिन्यांत तिला त्याची गरजच पडली नव्हती. नव्या तिनं आणल्या नाहीत.

त्याच आठवड्यात एका सकाळी बापूसो पुन्हा टेबलाशी आले. या खेपेला आवाज अगदी खालच्या पट्टीत.

"अक्का, मंडळाचं पत्र हाय. पोरगी दोन वर्सं तुज्याकडंच ऱ्हाणार, तर मार्चला बी आकारामच बसंल. आनि त्ये म्हणत्यात, साच्याचा पासवर्ड त्याच्याकडं पायजे. जो वर बसंल त्याच्याकडं. नियम हाय."

"त्याला कशाला? त्याचं काम चौकटीतच हाय. टॅब मार म्हणावं."

"मला बी म्हाईत हाय. पर नियम."

टेबलासमोरच्या बाकड्यावर एक गिऱ्हाईक बसलं होतं. मांडीवर हळद लागलेली यादी, तोंडात पान. ते म्हणालं, "बाई, मला दहाची गाडी धरायची हाय."

"दम धरा."

अक्कानं पिशवीत हात घातला. कागद शोधताना वसतिगृहाचा फॉर्म हाताला लागला, सप्टेंबरपासनं तसाच घडी घातलेला. तिनं तो उलटा केला, पाठीवर चार आकडे लिहिले आणि बापूसोंच्या हातात दिला.

बापूसोंनी चष्मा खाली ओढला. "शून्य पाच चार शून्य. ह्ये काय? कसला आकडा?"

"बेळगावच्या गाडीची वेळ हाय, जुनी. आकारामला सांगा, पाठ कर आनि कागूद फाडून टाक."

बापूसोंनी कागदाची घडी घातली. काहीतरी बोलायचं होतं त्यांना, बहुतेक कोपराबद्दल. मग बोळाच्या टोकाला, आकारामकडं गेले.

अक्कानं खुर्ची पुढं ओढली, लग्नपत्रिकेचा साचा उघडला आणि पहिल्या चौकटीत बोट ठेवलं.

"हं, बोला पावणं. नवरीचं नाव काय? नीट सांगा, चौकट एकच हाय."