माझ्या रिपोर्टातलं बांडगूळ

“मॅडम, तुमच्या बांडगुळाला पांढरी फुलं आलीत. कापू का?”

सकाळी आठला रफीकभाईंचा फोन आला, तेव्हा मी पोहे परतत होते. रफीकभाई झाडांची छाटणी करतात, वडिलांपासूनचा धंदा. मी कोथरूडच्या एका फर्मसाठी झाडांचे सर्व्हे करते. पानशेतच्या पुढे एका ट्रस्टचं छोटं जंगल आहे. ‘एकोणीस झाडांवर बांडगूळ, त्या फांद्या काढाव्यात,’ असा रिपोर्ट माझाच होता.

बांडगूळ म्हणजे फांदीत मूळ खुपसून झाडाचा रस पिणारी वनस्पती. तिकडच्या बांडगुळाची फुलं नारिंगी, नळीसारखी. पांढरी नाहीत. म्हणजे हे बांडगूळ नसावंच.

“हात लावू नका!”

“एक फांदी आधीच खाली आलीय. त्यावरच फुलं दिसली. फुलातलं झाड विचारल्याशिवाय कापायचं नाही, असा अब्बांचा दंडक होता. पण शिडीची गाडी आजच्यापुरतीच आहे, मॅडम.”

नवऱ्याने गाडी काढली. वाटेत फर्मच्या साहेबांना फोन लावला.

“रिपोर्टवर तुमची सही आहे,” साहेब म्हणाले.

“म्हणून तर निघालेय.”

“क्लायंटला काय सांगू?”

“मॅडम चुकल्या म्हणून सांगा.”

“प्रत्येक झाडाचा फोटो द्या. ज्याचा फोटो नाही, त्याची छाटणी होणार.”

सर्व्हे मी भर पावसात केला होता. एका हातात छत्री, एका हातात पॅड आणि लांबचा चष्मा गाडीत. चष्म्यात मी वयस्कर दिसते, असं माझं मत होतं. खालून फांदीवर हिरवे झुबके दिसले. लिहिलं बांडगूळ.

“चष्मा घेतलास?” नवऱ्याने विचारलं. पानशेतपर्यंत तो एवढंच बोलला.

पडलेली फांदी पाहिली आणि खात्री पटली. रानटी ऑर्किड! ते सालीला नुसतं धरून बसतं, झाडाचं काही खात नाही. पावसाळ्यात पानं, मग पानं गळून वाळक्या कांड्या, आणि वसंतात त्याच कांड्यांवर पांढरी फुलं.

“शिडीवर तुम्ही चढणार?” रफीकभाईंनी माझ्या साडीकडे पाहिलं.

“चूक माझी आहे. तुम्ही कशाला चढता?”

पहिल्या झाडावर डोळे मिटूनच फोटो काढला. तो साहेबांना पाठवता येईना, म्हणून परत वर गेले. चौथ्या झाडानंतर खाली बघणं सोडून दिलं. दुपारचे तीन वाजले, पण एकही झाड सोडलं नाही. दोन झाडांवर खरंच बांडगूळ निघालं. तेवढीच माझी अब्रू. बाकी सतरा झाडांवर ऑर्किड होतं.

तोडलेल्या फांदीवरची ऑर्किडं रफीकभाईंनी सालीसकट सोडवली आणि शेजारच्या ऐनाच्या झाडाला काथ्याने बांधली.

“जगतील?” मी विचारलं.

“पुढच्या वर्षी फुलली, तर जगली समजायचं.”

छाटणी दोन झाडांवर आटोपली. मी ट्रस्टला पत्र लिहिलं, चष्म्यासकट सगळं कबूल करून. साहेबांनी ते वाचलं आणि फाइलला लावलं.

यंदा मार्चमध्ये ऐनावर तीन कांड्या फुलल्या. रफीकभाईंनी फोटो पाठवला, खाली लिहिलं होतं: ‘तुमचं बांडगूळ.’

आमच्या सर्व्हेच्या फॉर्ममध्ये आता एक नवा रकाना आहे: ‘चष्मा लावून पाहिले का? होय/नाही.’ साहेबांनी गंमत केली असेल असं वाटलं होतं. पाचशे प्रती छापून आल्यात.