मावशीचं पडणं

बाबू गोताडाला सगळं सोसतं, पण दुसऱ्या कुणी लोकांना हसवलेलं सोसत नाही. दिवसभर मिरजोळ्याच्या बर्फाच्या कारखान्यात लाद्या ढकलणारा हा माणूस शिमग्याच्या नमनात, म्हणजे कोकणातल्या रात्रीच्या खेळात, लुगडं नेसून गौळणींची मावशी होतो. तीस वर्षं झाली! आणि पडतो कसा? ताठच्या ताठ, पदर सावरत. गाव पोट धरून हसतो. फक्त बायको, कमळा, तेवढी गालात हसते. ती कधीतरी खळखळून हसावी म्हणून तर गडी गुडघे फोडून घेतो.

यंदा ग्रंथालयाच्या मृणालीबाईंनी शाळेत पडदा लावून एक सिनेमा दाखवला. अमेरिकेतला, शंभर वर्षांपूर्वीचा, मुका. "त्या काळचे कितीतरी सिनेमे नष्ट झाले, हा मात्र वाचला," बाई कौतुकानं म्हणाल्या.

वाचला कशाला मेला, असं बाबूला अर्ध्या तासातच झालं. पडद्यावरचा काटकुळा नट बायकी झगा घालून आला आणि पडला. ताठच्या ताठ, झगा सावरत! लोक खुर्च्यांवरून घसरले. आणि कमळा? डोळ्यांना पदर लावून खदाखदा हसत होती. बाबूच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

"एवढं दात काढायला काय झालं?" घरी जाताना त्यानं विचारलं.

"अवो, तोंडातून शब्द नाय, तरी कसा हसवतो बघा!"

आठ दिवस बाबू तिच्याशी धड बोलला नाही. जळायचं तरी कुणावर? शिव्या घालाव्यात तर ऐकायला तो माणूस जिवंत नाही.

मग नमन उभं राहिलं. बाबू जीव ओतून पडला. टाळ्या पडल्या, आणि मागून कोणीतरी ओरडलं, "वा रे बाबू! त्या अमेरिकेवाल्याची हुबेहूब नक्कल!" पुढं बसलेल्या कमळानंही मान डोलावली.

बाबू ताडकन उठला. मृदंगवाल्याला हातानं थांबवलं, लुगडं खोचलं आणि गरजला, "नक्कल? मी नक्कल करतो? मेल्यांनो, तो शिकला माझ्याकडनं!"

मांडव हशानं दणाणला. कमळा हसता हसता शेजारणीच्या अंगावर पडली.

"खरं सांगतोय! शप्पथ!" बाबू घसा फोडून ओरडत होता, डोळे भरून आले होते, आणि त्याच्या प्रत्येक शब्दाला हशा वाढत होता. एवढं त्यानं जन्मात कुणाला हसवलं नव्हतं, आणि आज त्याला कुणालाच हसवायचं नव्हतं.