कुत्रेवाला गाबा

गाबा माझ्याहून चांगला बारा वर्षांनी मोठा आहे आणि मला आई म्हणतो. मी त्याला पोरा म्हणते, डोकं फिरलं की मेल्या म्हणते, आणि तो निमूट ऐकून घेतो. न ऐकून सांगतो कुणाला? त्याची आई वारली त्याच हिवाळ्यात मी शेजारच्या घरात जन्मले आणि तिचं नाव मला ठेवलं, बिबियाना. आमच्याकडे नावाबरोबर माणूसही परत येतं. मी पाळण्यात होते तेव्हा हा रोज दार वाजवून माझ्या खऱ्या आईला विचारायचा, "आमची आई उठली का?" आणि माझ्या मुठीत वाळक्या माशाचा तुकडा कोंबायचा. आई ओरडायची, "अरे, तिला दात तरी येऊ देत!"

पुढे माझं लग्न झालं, पोरंबाळं झाली, तरी मोसमातल्या पहिल्या सीलचं काळीज आधी माझ्या घरी यायचं. माझा नवरा खिडकीतून बघून म्हणायचा, "आलं गं तुझं लेकरू, मिशा पिकलेलं." लेकरू आत येऊन बूट काढायचं आणि विचारायचं, "आई, कॉफी आहे का?" नाही म्हणायची माझी काय बिशाद!

बाकी गाबाला विचाराल तर त्याचं सगळं आयुष्य कुत्र्यांत गेलं. घरामागच्या खडकावर डझनभर कुत्री साखळीला बांधलेली, आणि नाया नावाची पांढरी म्हातारी कुत्री, सगळ्यांची म्होरकी, तेवढी मोकळी. हिवाळ्यात खाडी गोठली की तो कुत्र्यांना स्लेज, म्हणजे बर्फावरची घसरगाडी, जोडून आतपर्यंत जायचा, पहारीने बर्फाला भोक पाडायचा आणि गळांचा लांबलचक दोर आत सोडायचा. दोराच्या टोकाला पत्रा असतो, तो पाण्यात पतंगासारखा सरकत दोराला बर्फाखाली लांब ओढून नेतो. वर येताना दोराला पाटाएवढे हॅलिबट मासे लागलेले असायचे. ते आमच्या मासळीच्या कारखान्यात यायचे आणि मी ते साफ करायची. गाबाचा मासा मला न सांगता ओळखू यायचा, इतका नीट ठेवलेला असायचा.

त्याची बायको रोझिना सहा-सात वर्षांपूर्वी मुलीकडे नूक शहरात राहायला गेली. ती बोलवायची त्याला. पण तिकडे दक्षिणेत आमची स्लेजची कुत्री नेऊ देत नाहीत, कायदाच आहे. एकदा तिने फोनवर स्पष्टच विचारलं, "मी पाहिजे का कुत्री?" गाबाने मला येऊन सांगितलं आणि वर म्हणाला, "आई, हा काय प्रश्न झाला?" मी म्हटलं, "मेल्या, उत्तर काय दिलंस?" तर कपात साखर ढवळत बसला.

पण मग खाडीच फिरली. एका दिवसात नाही फिरली, नाहीतर कळलं तरी असतं. आधी बर्फाच्या पोटाला चिकटून राहणारे ते बोटभर मासे दिसेनासे झाले, ज्यांच्यावर सील पोसायचे. मग सील बारीक झाले. गळाला कॉड लागायला लागला, जो आमच्या आजोबांनी या खाडीत पाहिला नव्हता. हॅलिबट खोल खोल गेला. आणि आतल्या हिमनदीचं पाणी उन्हाळाभर इतकं सुटायला लागलं की खाडीचा वरचा थर गोडा झाला, दुधाळ, गढूळ.

गोड्या पाण्याने काय होतं ते मी डोळ्यांनी पाहिलं. मागच्या पावसाळी सप्टेंबरात गाबाच्या होडीत होते. कुत्र्यांना हिवाळ्याची बेगमी करायची होती. सील वर आला, गाबाने गोळी घातली, नेम डोक्यात बसला. नेहमी सील तरंगतो आणि आपण जाऊन भाला मारून ओढून घेतो. गाबाने इंजिनाची दोरी ओढली, मी भाला उचलला, आणि आम्ही पोचेपर्यंत तो सील डोळ्यांदेखत खाली गेला. अंगात चरबी नाही, पाण्यात मीठ नाही, कशाच्या आधाराने तरंगेल बिचारा? गाबा होडीच्या काठावरून वाकून बघत राहिला. पाणी इतकं गढूळ की हातभरही दिसेना.

"फुकट मारला," तो म्हणाला. दुसऱ्यालाही तसंच झालं. तिसरा दिसला तेव्हा त्याने बंदूक उचललीच नाही.

कोपनहेगनहून समुद्राचा अभ्यास करणारी एक मुलगी दर वर्षी यायची, दोरीला मोजणीचं यंत्र बांधून पाण्यात सोडायची. पोरगी गुणी होती. गाबाच्या होडीतूनच हिंडायची आणि कुत्र्यांना घाबरायची नाही. ती म्हणाली, बाहेरच्या समुद्राचं कोमट पाणी तळातून आत शिरतंय, ते हिमनदीला खालून खातंय आणि बर्फालाही जमू देत नाही.

गाबा म्हणाला, "बरं. मग ते बाहेर कसं काढायचं?"

तिचे डोळे भरून आले तेव्हा उलट गाबानेच तिला समजावलं, "अगं, तू थोडीच आणलंस ते?"

तो हिवाळा आला खरा, पण बर्फ आला नाही. आला तो असा, की चालायला पातळ आणि होडीला जाड. म्हणजे स्लेजने जाता येईना, होडीने जाता येईना. सगळी वस्ती खिडकीत बसून खाडीकडे बघायची. कारखान्यात आम्ही बायका रिकाम्या टेबलांशी उभ्या राहून गप्पा मारायचो, मग मालकाने कारखानाच बंद केला. दुकानातलं कोरडं खाणं आणून गाबा कुत्र्यांना घालायचा, स्वतः काय खायचा देव जाणे.

जानेवारीत त्याला राहवलं नाही. वरून बर्फ पडून सगळं पांढरं, सपाट, घट्ट दिसत होतं. पहार मारली की आवाजावरून कळतं, आणि गाबाने पहार मारली होती, जागोजागी मारली होती. आवाज बरोबर आला म्हणे. पण मासे धरायच्या नेहमीच्या जागेपाशी प्रवाहाने बर्फ खालून कुरतडलेला होता. स्लेजची मागची बाजू गेली, गाबा कमरेपर्यंत गेला, आणि नायाने बाकीच्यांना घेऊन असा झटका दिला की सगळं वर आलं. संध्याकाळी तो माझ्या दारात उभा राहिला तेव्हा त्याची पँट गोठून पत्र्यासारखी वाजत होती.

माझं डोकंच फिरलं. त्याचे कपडे ओढून काढले, शेगडीपाशी बसवला आणि तोंड सोडलं. "लाज वाटत नाही? या वयात मला पोराला पुरायला लावतोस? ऐक, मी सांगेपर्यंत बर्फावर पाय ठेवायचा नाही. कोण सांगतंय?"

"आई सांगतेय," तो खाली मान घालून म्हणाला.

आणि त्याने ऐकलं. हेच तर वाईट झालं. दुसरा कुणी असता तर चोरून गेला असता. हा रोज सकाळी यायचा आणि विचारायचा, "आई, आज?" मी खिडकीतून बघायची आणि म्हणायची, "नाही रे पोरा." महिनाभर हेच. तिकडे कुत्र्यांच्या बरगड्या मोजता यायला लागल्या. ती आधी रात्रंदिवस ओरडायची, मग ओरडेनाशी झाली. एकाने चामड्याचा पट्टा खाल्ला. मी घरातलं उरलंसुरलं नेऊन टाकायची, पण डझनभर तोंडांना माझ्या घरचं काय पुरणार? शेजारीपाजारी तरी कुणाच्या घरात काय होतं? ज्याच्या त्याच्या खडकावर तेच चाललं होतं, आणि डोंगरामागून अधूनमधून गोळ्यांचे आवाज यायचे. कोण, ते आम्ही एकमेकांना विचारत नव्हतो.

मग एका सकाळी त्याने "आज?" विचारलं नाही. कॉफीही मागितली नाही. दारातच उभा राहिला.

"आई, त्यांचे हाल बघवत नाहीत."

"मलाही नाही बघवत."

"मला ठरवता येत नाही. तू सांग."

मी म्हटलं, "मला नको सांगायला लावूस." पण तो हलेना. साठी उलटलेला माणूस, टोपी हातात घेऊन, आईच्या तोंडाकडे बघत उभा. राग कुणावर काढायचा सांगा ना मला! त्याच्यावर? समुद्रावर? त्या कोमट पाण्याला काय शिव्या घालायच्या? माझं नाव दुसरं काही असतं तर बरं झालं असतं, असं मला जन्मात पहिल्यांदा वाटलं.

"कर," मी म्हटलं. "सगळ्यांचं कर. एखादं ठेवलंस तर ते एकटं मरेल."

"नायाचं?"

"नायाचं पण."

काहीजण आपली कुत्री मारायला शेजाऱ्याला देतात आणि शेजाऱ्याची स्वतः मारतात, म्हणजे तेवढं तरी सोपं जातं. गाबाने कुणाला दिली नाहीत. मी दार लावून, रेडिओ मोठा करून बसले. दुपारी तो आला, हात धुतले, आणि मी पुढ्यात ठेवलेली कॉफी त्याने गार होईपर्यंत प्यायली नाही. मी जवळ जाऊन त्याचं डोकं पोटाशी धरलं.

आणि मार्चमध्ये, काय म्हणावं, थंडी पडली. कडाक्याची, जुन्यासारखी. दहा-बारा दिवसांत खाडी या टोकापासून त्या टोकापर्यंत दगड झाली. मी खिडकीतून बघितलं आणि पडदा ओढून घेतला. थोड्या वेळाने बघते तर गाबा स्लेज घेऊन खाली उतरतोय. कुत्र्यांचे पट्टे त्याने स्वतःच्या छातीला बांधले होते.

मी तशीच धावले. "पोरा, वेड लागलं का तुला?"

"बर्फ घट्ट आहे, आई. पहार मारून बघितली." मग म्हणाला, "जाऊ?"

काय सांगणार होते मी? पुढे होऊन पट्टा सोडवावा असंही वाटलं. मग मागे गेले आणि स्लेज ढकलायला लागले.

फार लांब जाता आलं नाही. जिथे दम संपला तिथेच त्याने भोक पाडलं, दोर सोडला. तिथे हॅलिबट लागेल अशी आशा नव्हतीच, पण दोर ओढला तेव्हा पाच-सहा आले, लहान का होईना. गाबा गुडघ्यांवर बसला आणि मासे कापायला लागला. एरवी कारखान्याला धड जायचं, डोकी कुत्र्यांची. त्याने पहिलं डोकं कापलं आणि मागे वळून न बघता खांद्यावरून फेकलं. ते बर्फावर घसरत गेलं आणि थांबलं. आवाज नाही, झटापट नाही, काही नाही.

त्याची सुरी थांबली. मागे तो वळला नाही.

मी जाऊन ते डोकं उचललं आणि पिशवीत टाकलं. "सूप करते रात्री," मी म्हटलं. "इकडे दे पुढची, माझ्या हातात."

तो "हो आई" म्हणाला. आणि दुसरं डोकंही त्याने मागेच फेकलं.