डाव्या बाजूचं पदक

आमच्या ठाण्यातल्या वर्तकनगरच्या सोसायटीत सुभेदार मारुती शेलारांना सहसा कोणी हाक मारत नाही. मारली, की ते आधी तुमच्या पायांतल्या चपला बघतात. साताऱ्याकडचं गाव, अठराव्या वर्षी पलटणीत भरती, अठ्ठावीस वर्षं नोकरी आणि काश्मीरमधल्या एका चकमकीत मिळालेलं शौर्यपदक. निवृत्तीनंतरची वीस वर्षं ते पाण्याच्या टाकीपासून पार्किंगपर्यंत आम्हाला शिस्त लावताहेत. कुत्र्याचं शेपूट नळीत घालायचा उद्योग, दुसरं काय!

मागच्या सव्वीस जानेवारीला मी माझ्या दिवंगत वडिलांचं सैन्यातलं पदक साडीवर लावून झेंडावंदनाला गेले. शेलारकाका सगळ्यांसमोर ओरडले, "दर्शना, हे काय? डावीकडे ज्यानं कमावलं त्यानंच लावायचं. गेलेल्या माणसाचं घरच्यांनी उजवीकडे!"

मला भयंकर राग आला. "मग तुमचं तुम्ही का नाही लावत कधी?"

काका वळले आणि घरी निघून गेले.

कारण मला नंतर त्यांच्या मुलानं, साईनाथनं सांगितलं. चकमकीच्या दिवशी गस्तीच्या पुढे काका जायचे होते. अंगात ताप होता, म्हणून त्यांचा दोस्त हवालदार रघु गेला आणि पहिली गोळी त्यालाच लागली. काका तापातच धावले, तिघांना ओढून बाहेर काढलं, पण रघु वाचला नाही. पदक दोघांनाही मिळालं. रघुची बायको रंभा कल्याणला राहते. ठाण्याहून कल्याण ते किती लांब? पण सव्वीस वर्षांत काका तिच्या दारात गेले नाहीत. भीती एकच, ती विचारेल, पुढे तुम्ही का नाही गेलात?

यंदा कमिटीनं झेंडा काकांच्या हस्ते फडकवायचं ठरवलं.

"मी नाही. तो मान रंभावहिनींचा," काका म्हणाले.

म्हणून मी कल्याणला गेले. शाळेत खिचडी रांधून दोन पोरी शिकवलेली बाई ती. सगळं ऐकून रंभावहिनी एवढंच म्हणाल्या, "येते. पण भावोजींना सांग, पदक लावून उभे राहा."

झेंडावंदनाला त्या आल्या तेव्हा पदराच्या उजव्या बाजूला रघुचं पदक होतं. मग काका खाली उतरले. कडक इस्त्रीचा कोट, आणि पदक उजवीकडे! वर्षभराचा राग काढायला मी तोंड उघडलंसुद्धा. पण ते सरळ रंभावहिनींसमोर जाऊन उभे राहिले. हा माणूस नियम विसरणारा नव्हे.

"बाजू चुकली, भावोजी," रंभावहिनी म्हणाल्या.

"नाही वहिनी. हे त्याचंच आहे. त्या दिवशी मी जायला हवं होतं."

वहिनींनी पुढे होऊन त्यांच्या कोटाची पिन काढली. "यांचं शेवटचं पत्र आहे माझ्याकडे. 'मारुती तापानं फणफणलाय, तरी उठतोय. बांधून ठेवीन, पण उद्या जाऊ देणार नाही.' हे सांगायला मी दोनदा निरोप पाठवला. तुम्ही आलाच नाहीत." मग डाव्या बाजूला पदक लावत त्या म्हणाल्या, "उजवीकडे गेलेल्याचं लावतात. तुम्ही आहात."

काका सगळ्यांसमोर ढसाढसा रडले. माझेही डोळे भरून आले.

झेंड्याची दोरी दोघांनी मिळून ओढली. राष्ट्रगीत झाल्यावर काका डोळे पुसत माझ्याकडे वळले.

"दर्शना, झेंड्यापाशी चपला?"

आयुष्यात पहिल्यांदा मी त्या हसत काढल्या.